सँडो ते कोलमन : वेगवेगळ्या काळांतील शरीरसौष्ठव विजेत्यांची तुलना

आपल्या घरांत बिनबाह्यांच्या बनियनला आजही ‘सँडो’ म्हणतात. हे नाव ज्या माणसावरून आले, तो युजेन सँडो आधुनिक शरीरसौष्ठवाचा आद्यपुरुष मानला जातो. मिस्टर ऑलिम्पिया स्पर्धेच्या विजेत्याला १९७७ पासून जी मूर्ती देतात, ती सँडोचीच. ती मूर्ती ज्यांनी हातात घेतली त्या अलीकडच्या विजेत्यांच्या शेजारी खुद्द सँडोला उभा केला, तर तो त्यांच्यापुढे सडपातळ वाटेल. शंभर-सव्वाशे वर्षांत एवढा फरक कसा पडला? पूर्वीची शरीरे चांगली होती की आताची? व्यायामशाळेत जाणारी मुले आणि त्यांचे वडील-आजोबा यांच्यात हा वाद नेहमी रंगतो. त्या वादाला उपयोगी पडावी म्हणून ही माहिती एकत्र केली आहे. लेख पुरुषांच्या स्पर्धांपुरता मर्यादित आहे.

पहिला काळ : सँडो आणि संगमरवरी पुतळे

युजेन सँडो याचा जन्म १८६७ मध्ये प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे झाला. मूळ नाव फ्रीडरिश व्हिल्हेल्म म्युलर. सुरुवातीला तो ताकदीचे खेळ करून दाखवणारा रंगमंचावरचा पहिलवान होता. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने फ्लोरेन्झ झिगफेल्ड या व्यवस्थापकाने त्याचे खेळ लावले. लोक त्याने उचललेल्या वजनापेक्षा त्याचे शरीर पाहायलाच येतात, हे त्या वेळी ध्यानात आले, आणि शरीर दाखवणे हाच कार्यक्रमाचा मुख्य भाग झाला.

सँडोपुढे आदर्श होता तो ग्रीक पुतळ्यांचा. अंगाला पांढरी पूड लावून, काळ्या पडद्यासमोर, बाजूने प्रकाश घेऊन तो उभा राही. त्याची उंची सुमारे ५ फूट ९ इंच आणि वजन साधारण १८० ते १९० पौंड, म्हणजे ८२ ते ८६ किलो होते. पोटाचे स्नायू आणि दंडाच्या बेटकुळ्या ठळक होत्या. त्या मानाने छातीचा पुढचा भाग आणि मांड्या आजच्या नजरेला साध्या वाटतात. याचे कारण व्यायामाच्या पद्धतीत आहे. पाठीवर झोपून छातीवरून वजन उचलण्याचा बेंच प्रेस त्या वेळी रूढ नव्हता. वजन एका हाताने, उभ्याने किंवा वाकून डोक्यावर नेण्याचे प्रकार जास्त होते, त्यामुळे खांदे, कंबरेच्या बाजू आणि पाठ यांना काम पडे.

१४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सँडोने पहिली मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. परीक्षक तिघे होते : स्वतः सँडो, शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे विजेता ठरला. या स्पर्धेचे निकष लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सर्वांगाची वाढ, त्या वाढीतील समतोल, स्नायूंचा घट्टपणा, सर्वसाधारण आरोग्य आणि त्वचेची स्थिती असे पाच मुद्दे होते. सर्वांत मोठे स्नायू असलेल्याला बक्षीस मिळेलच असे नाही, हे आधीच सांगून ठेवले होते. आरोग्य हा त्या वेळी गुण देण्याचा एक स्वतंत्र मुद्दा होता.

सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याआधीच त्याची पुस्तके आणि साधने इकडे पोहोचली होती. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी काही वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला आणि पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. सूर्यनमस्काराच्या आधुनिक प्रसारात औंधच्या या राजांचा वाटा फार मोठा आहे. आपल्या बडोद्यात प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराने जोर, बैठका, जोडी, मल्लखांब ही देशी परंपरा पद्धतशीरपणे शिकवली. द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखालील मराठी व्यायाम ज्ञानकोशही बडोद्यातच निघाला. शरीर दिसायला कसे आहे याबरोबर ते काय करू शकते, हे पाहण्याची सवय या परंपरेत होती.

दुसरा काळ : ग्रिमेक, रीव्हज आणि मिस्टर युनिव्हर्स

बदलत्या वजनाच्या चकत्या लावता येणारे बारबेल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सहज मिळू लागले. वजन थोडे थोडे वाढवत नेणे सोपे झाले आणि मांड्या, पाठ व छाती यांची वाढ सँडोच्या पिढीपेक्षा पुढे गेली.

जॉन ग्रिमेक १९४० आणि १९४१ चा मिस्टर अमेरिका. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तो वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरला होता. १९४८ मध्ये लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत त्याने स्टीव्ह रीव्हजला हरवले. रीव्हज हा १९४७ चा मिस्टर अमेरिका. १९५० मध्ये मिस्टर युनिव्हर्सही झाला आणि पुढे ‘हर्क्युलस’ चित्रपटामुळे जगभर पोहोचला. उंची ६ फूट १ इंच, वजन सुमारे २१५ पौंड. रुंद खांदे, बारीक कंबर, आणि मान, दंड व पोटरी यांचा घेर जवळपास सारखा. प्रमाणबद्धतेचा विषय निघाला की आजही पहिले नाव रीव्हजचेच घेतले जाते.

याच मंचावर दोन बंगाली शरीरसौष्ठवपटू चमकले. मनतोष रॉय १९५१ मध्ये आणि मनोहर ऐच १९५२ मध्ये आपापल्या उंचीच्या गटात विजेते ठरले. मनोहर ऐच यांची उंची जेमतेम ४ फूट ११ इंच होती. ते २०१६ मध्ये वारले, तेव्हा वयाची शंभरी ओलांडून गेले होते.

या काळाचे एक वैशिष्ट्य पुढच्या तुलनेसाठी महत्त्वाचे आहे. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत प्रथम १९३५ मध्ये तयार झाले आणि डायनाबॉल हे स्टेरॉइड १९५८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले. म्हणजे सँडोच्या वेळी ही औषधे अस्तित्वातच नव्हती, आणि ग्रिमेकच्या पिढीतही त्यांचा सर्रास वापर सुरू झालेला नव्हता.

तिसरा काळ : ऑलिम्पियाची पहिली पंधरा वर्षे

१९६५ मध्ये जो वाइडर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मिस्टर ऑलिम्पिया सुरू केली. मिस्टर युनिव्हर्स जिंकून झालेल्यांनाही पुढे एखादे ध्येय असावे, ही कल्पना. पहिली दोन वर्षे लॅरी स्कॉट जिंकला. त्याच्या दंडांची अजून आठवण काढतात. १९६७ ते १९६९ ही तीन वर्षे क्यूबात जन्मलेल्या सर्जिओ ऑलिव्हाची. बारीक कंबरेवर एवढी रुंद पाठ आणि एवढे जाड दंड त्याआधी कोणी पाहिले नव्हते.

१९७० ते १९७५ सलग सहा आणि १९८० मध्ये सातवे विजेतेपद आर्नोल्ड श्वार्झनेगरचे. उंची ६ फूट २ इंच, मंचावरचे वजन सुमारे २३५ पौंड. छाती आणि बेटकुळ्या ही त्याची बलस्थाने होती. मांड्या मात्र पुढच्या पिढ्यांच्या मानाने कमी होत्या. त्याचा मित्र फ्रँको कोलंबू ५ फूट ५ इंच उंचीचा. त्याने १९७६ आणि १९८१ मध्ये हेच विजेतेपद मिळवले. १९७७ ते १९७९ फ्रँक झेन जिंकला. गणित शिकवणारा हा माणूस ५ फूट ९ इंच उंच आणि मंचावर साधारण १८५ पौंडांचा होता. पोट आत ओढून बरगड्यांखाली पोकळी दाखवण्याची त्याची पोझ आजही नवे स्पर्धक करून पाहतात.

झेन आणि सँडो यांची उंची आणि वजन जवळजवळ सारखे आहेत. तरी झेनचे शरीर कितीतरी जास्त पीळदार दिसते. झेनच्या अंगावर चरबी फारच कमी होती. तेवढ्याच वजनात चरबी कमी, म्हणजे स्नायू जास्त. नुसता वजनाचा आकडा बघून तुलना केली तर ती फसते, हे या जोडीवरून कळते.

स्टेरॉइडचा वापर या काळात सुरू झालेला होता. श्वार्झनेगरने स्वतः तो जाहीरपणे मान्य केला आहे. त्या वेळी अमेरिकेत त्यावर नंतरसारखे कायद्याचे बंधन नव्हते. तो कायदा १९९० मध्ये झाला.

चौथा काळ : आकाराची चढाओढ

ली हेनी १९८४ ते १९९१ सलग आठ वेळा विजेता. सुमारे २४५ पौंड वजन असूनही कंबर आटोपशीर, म्हणून त्याला जुन्या आणि नव्या काळातला दुवा म्हणतात. त्यानंतर इंग्लंडचा डोरियन येट्स १९९२ ते १९९७ सहा वेळा जिंकला. १९९३ मध्ये तो सुमारे २५७ पौंडांवर मंचावर आला आणि परीक्षकांची अपेक्षाच बदलली. पाठीची जाडी आणि दगडासारखा कोरडेपणा यांना यापुढे जास्त महत्त्व आले. या चढाओढीची किंमतही त्याने मोजली. १९९४ मध्ये त्याच्या दंडाचा पुढचा स्नायू फाटला, १९९७ मध्ये मागचा फाटला, आणि त्यानंतर त्याने निवृत्ती घेतली.

रॉनी कोलमन १९९८ ते २००५ सलग आठ वेळा विजेता झाला आणि त्याने हेनीच्या विक्रमाशी बरोबरी केली. २००३ मध्ये त्याचे मंचावरचे वजन सुमारे २८७ पौंड, म्हणजे १३० किलो होते. उंची ५ फूट ११ इंच. निव्वळ स्नायूंच्या राशीत त्याच्या तोडीचा विजेता क्वचितच सापडेल. पुढे पाठीच्या कण्यावर आणि खुब्यांवर त्याच्या अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि कुबड्यांशिवाय चालणे त्याला अवघड झाले.

कोलमननंतर जे कटलर चार वेळा आणि फिल हीथ २०११ ते २०१७ सात वेळा विजेता झाला. आकार वाढत गेला तशा कंबरा जाड झाल्या, काहींची पोटे श्वास सोडताच पुढे येऊ लागली. २०१५ मध्ये खुद्द श्वार्झनेगरने या फुगलेल्या पोटांवर जाहीर टीका केली.

पाचवा काळ : जुन्या आदर्शाकडे परत

२०१६ मध्ये ऑलिम्पियात क्लासिक फिजिक हा गट सुरू झाला. यात प्रत्येक उंचीला वजनाची कमाल मर्यादा आहे. नुसते वजन वाढवून फायदा नाही, म्हणून प्रमाणबद्धता, बारीक कंबर आणि पोझ देण्याचे कौशल्य यांना पुन्हा किंमत आली. कॅनडाचा क्रिस बमस्टेड २०१९ ते २०२४ सहा वेळा या गटात जिंकला. उंची सुमारे ६ फूट १ इंच, मंचावरचे वजन साधारण २३० पौंड. झेनची पोट आत ओढण्याची पोझ या गटामुळे पुन्हा मंचावर आली.

आकड्यांतली तुलना

उंची वेगळी असलेल्या दोघांची तुलना करण्यासाठी एक सोपा हिशेब आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. स्पर्धेच्या दिवशी चरबी फार कमी असल्याने येणारा आकडा स्नायूंच्या राशीचा बराच अंदाज देतो. सँडोच्या बाबतीत मात्र चरबी जास्त धरावी. खालील आकडे सर्वसाधारणपणे छापल्या जाणाऱ्या उंची-वजनांवरून काढले आहेत, म्हणून ते ढोबळ समजावेत.

• सँडो : सुमारे २७
• स्टीव्ह रीव्हज : सुमारे २८
• फ्रँक झेन : सुमारे २७.५
• आर्नोल्ड श्वार्झनेगर : सुमारे ३०
• ली हेनी : सुमारे ३४
• डोरियन येट्स, १९९३ : सुमारे ३६ ते ३७
• रॉनी कोलमन, २००३ : सुमारे ४०
• क्रिस बमस्टेड : सुमारे ३०

सँडोपासून श्वार्झनेगरपर्यंत सत्तर वर्षांत हा आकडा तीनने वाढला. श्वार्झनेगरच्या १९७५ च्या विजयापासून कोलमनपर्यंत अठ्ठावीस वर्षांत तो दहाने वाढला. वजनाला मर्यादा घालताच बमस्टेड पुन्हा श्वार्झनेगरच्या आकड्यावर आला. माणसाच्या हाडांची ठेवण एवढ्या थोड्या काळात बदलत नाही. यंत्रे, आहाराचे ज्ञान, पूर्णवेळ सराव या गोष्टी सुधारल्या, हे खरे. पण १९७० नंतर व्यायामशाळेतली मूळ साधने फारशी बदललेली नाहीत. म्हणून या वाढीचा मोठा भाग औषधांच्या वाढत्या मात्रेकडे आणि परीक्षकांच्या बदललेल्या आवडीकडेच बोट दाखवतो.

याला १९९५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासाचा आधार आहे. त्यात चरबी वगळून राहिलेल्या वजनाला उंचीच्या वर्गाने भागले होते. स्टेरॉइड न घेणाऱ्या खेळाडूंचा आकडा साधारण २५ पाशी थांबत होता, घेणाऱ्यांचा बऱ्याचदा त्याच्या पुढे जात होता. १९३९ ते १९५९ मधल्या मिस्टर अमेरिका विजेत्यांचा अंदाजे सरासरी आकडा २५.४ आला होता. म्हणजे औषधांच्या आधीच्या काळातले सर्वोत्तम अमेरिकी स्पर्धकही त्याच सीमेजवळ होते.

छायाचित्रांवरून तुलना करताना

जुनी-नवी छायाचित्रे शेजारी ठेवून निकाल देणे सोपे वाटते, पण पुढील गोष्टी पाहाव्यात.

• प्रकाश : वरून किंवा बाजूने पडणारा प्रकाश स्नायूंच्या रेषा खोल दाखवतो, समोरचा प्रकाश त्या पुसून टाकतो.
• रंग : सँडो पांढरी पूड लावत असे. आज गडद रंग आणि तेल लावतात. गडद रंगावर रेषा अधिक उठून दिसतात.
• दिवस : स्पर्धेच्या दिवशी शरीरातले पाणी कमी केलेले असते. तोच माणूस दोन महिन्यांनी वेगळा दिसतो.
• मापे : दंडाचे माप व्यायामानंतर लगेच घेतले की जास्त भरते. जाहिरातींत उंची आणि मापे वाढवून छापण्याची चाल सँडोच्या काळापासून आहे.
• जन्मजात ठेवण : गळपट्टीच्या हाडाची रुंदी, पोटरीचा स्नायू किती वरून सुरू होतो, पोटाचे कप्पे सरळ रेषेत आहेत की नाहीत, हे जन्मतः ठरते. व्यायामाने त्यात बदल होत नाही.

मग श्रेष्ठ कोण?

उत्तर निकषावर अवलंबून आहे. १९०१ चे पाच मुद्दे लावले, तर रीव्हज, झेन आणि बमस्टेड फार वर येतील, आणि सँडोही मान ताठ ठेवून उभा राहील. आरोग्याचा मुद्दा त्यात असल्याने शेवटच्या दिवसांत पाणी तोडून आणि औषधांवर उभे राहिलेले शरीर मागे पडेल. स्नायूंची राशी आणि कोरडेपणा हाच निकष धरला, तर कोलमन आणि येट्स यांच्यापुढे आधीच्या काळातला कोणी टिकणार नाही. आजच्या खुल्या गटात सँडोला पहिल्या फेरीतच बसावे लागेल. दंड, पाठ आणि बारीक कंबर यांचा मेळ पाहणारे ऑलिव्हा किंवा हेनीचे नाव घेतील. एका काळाचा मापदंड घेऊन दुसऱ्या काळाला नापास करणे योग्य नाही.

घरातल्या मुलांसाठी

ही तुलना मनोरंजनापुरती राहत नाही. फोनवर दिसणारे शरीर हे सहा महिन्यांत मिळणारे ध्येय समजून अनेक तरुण व्यायामशाळेत येतात, आणि ते मिळाले नाही की कोणीतरी सुचवलेल्या इंजेक्शनाकडे किंवा गोळ्यांकडे वळतात. बाहेरून हार्मोन घेतले की शरीर स्वतःचे तयार करणे थांबवते. वृषणे आकसतात, अपत्यप्राप्तीत अडचण येऊ शकते, छातीत गाठीसारखी वाढ होऊ शकते. हृदयाचा स्नायू जाड होतो, चांगले कोलेस्टेरॉल घटते, गोळ्यांनी यकृतावर ताण पडतो. पाणी काढणारी औषधे तर मंचावर उतरण्याच्या दिवसांतच जीवघेणी ठरू शकतात. मोहम्मद बेनाझिझा १९९२ मध्ये एका स्पर्धेनंतर काही तासांतच, आणि आंद्रेआस म्युन्झर १९९६ मध्ये एकामागून एक अवयव निकामी होऊन मरण पावले. दोघेही जगातल्या पहिल्या फळीतले स्पर्धक होते आणि चाळिशीही गाठली नव्हती.

मुलाला समजेल असे एक माप सांगता येते. १७० सेंटिमीटर उंचीच्या तरुणाने औषधांशिवाय, वर्षानुवर्षे नियमाने व्यायाम आणि आहार सांभाळला, तरी चरबी वगळता त्याचे वजन साधारण ७० ते ७२ किलोंपाशी थांबते. दहा टक्के चरबी धरली तर एकूण ७८ ते ८० किलो. आणि ही मर्यादाही अगदी वरच्या टोकाची आहे, बहुतेकांना त्याच्या बरेच अलीकडे थांबावे लागते. याच उंचीचा कोणी फक्त दोन-तीन वर्षांत शंभर किलो पीळदार वजन दाखवत असेल, तर त्याचा आहारतक्ता विकत घेण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा.

व्यायामशाळेच्या भिंतीवर चित्रे लावायचीच असतील तर कोलमनचे जरूर लावावे, त्याची मेहनत खरी होती. त्याच्या शेजारी रीव्हजचे आणि मनोहर ऐच यांचेही लावावे. चार फूट अकरा इंचांचा एक माणूस जगज्जेता झाला आणि शंभरी ओलांडून गेला, हे मुलांना नुसते बघूनही कळेल.